धावेवरची कोपी

गुरुसिद्धप्पा सकाळी उठले की आधी इष्टलिंगाची पूजा करत आणि मग रानात जाऊन इंजिनाला हात लावत. या दोन्हींत कधी एका दिवसाचाही खंड पडला नव्हता. यातलं कोणतं काम ते जास्त मनापासून करतात, असं त्यांच्या बायकोला, रुद्रम्माला, कुणी विचारलं असतं, तर तिनं उत्तर द्यायचं टाळलं असतं. इंजिन पाच हॉर्सपॉवरचं, डिझेलवर चालणारं, काळंकुट्ट. वयाच्या बाविसाव्या वर्षी बापाशी भांडून त्यांनी ते विहिरीवर आणलं होतं. आता ते अडुसष्टचे झाले होते. मधल्या काळात पिस्टन तीनदा बदलला, रिंगा किती बदलल्या त्याला गणतीच नाही, आणि नोझल तर ते डोळे मिटून काढत. आसपासच्या गावांत कुणाचं इंजिन बंद पडलं की त्यांना निरोप यायचा. मग ते सायकलला पान्ह्यांची पिशवी अडकवून निघायचे आणि नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखायचे. डॉक्टरांना एवढं जमलं असतं तर लोहाऱ्यातले निम्मे दवाखाने बंद पडले असते, असं त्यांचा मित्र बलभीम म्हणायचा.

अशा माणसाच्या विहिरीवर चार दिवसांपूर्वी सौरपंप बसला, आणि तो बसवला त्यांच्या सुनेनं.

सून शिवलीला उमरग्याकडची. नवरा शिवपुत्र सोलापूरच्या बाजूला एका कोळशाच्या वीज केंद्रात कंत्राटी कामाला, पंधरा दिवसांनी घरी येणारा. त्यामुळं माकणीजवळचं हे रान तीच बघायची. पेरा कधी, पाणी कुणाला आधी, गडी किती सांगायचे, सगळं तिच्या हातात. हँडल मारता मारता सासऱ्यांच्या छातीत कळ येते हे तिनं दोनदा बघितलं होतं. तिसऱ्यांदा बघायची तिची तयारी नव्हती. विहिरीचं रान शिवपुत्राच्या नावावर, म्हणून तिथला अर्ज तिनं कुणाला फार न विचारता भरून टाकला. कंपनीची माणसं आली, बाभळीच्या दोन फांद्या त्यांनी उतरवल्या, दहा प्लेटा दक्षिणेकडं तोंड करून उभ्या केल्या आणि जाताना तीनतीनदा सांगितलं, की प्लेटांवर सावली पडू देऊ नका. गुरुसिद्धप्पा तेव्हा त्याच बाभळीखाली पाठ करून बसले होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर त्यांनी गिळूनही टाकलं असतं. पण शिवलीलानं माळावरच्या विहिरीसाठीही अर्ज भरून ठेवला होता. माळ होता गुरुसिद्धप्पांच्या नावावर. त्यांच्या मोबाईलवर ओटीपी येणार, तो त्यांनी तिला सांगायचा, की अर्ज पुढं जाणार. मुदत वेळ अमावस्येच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी संपत होती. त्यांचा बेत वेगळाच होता. खालच्या विहिरीवर मोकळं झालेलं इंजिन बैलगाडीत घालून माळावर न्यायचं आणि तिथं पुन्हा धडधडवायचं. माळावरही सोलर आलं तर इंजिनाला काम उरणार नव्हतं. आणि इंजिनाला काम नाही म्हटल्यावर आपल्याला तरी काय उरतं, हे त्यांनी कुणापुढं बोलून दाखवलं नव्हतं. पण चार दिवस त्यांच्या तोंडाला भाकरीची चव नव्हती ती त्यामुळंच.

वेळ अमावस्येला या भागात घराला कुलूप आणि रानाला जाग असते. गावात कुत्रं सापडायचं नाही, सगळे आपापल्या शेतात. गुरुसिद्धप्पा सगळ्यांच्या आधी निघाले, कारण कोपी बांधायचं काम त्यांचं. कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करायच्या, वर शेंडे एकत्र बांधायचे, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. वरून शाल घालायची. दिवसभर लक्ष्मी त्या कोपीत बसते. म्हणून एकदा बांधलेली कोपी त्या दिवशी कुणी हलवत नाही, तिच्या काडीलाही हात लावत नाही.

त्यांची कोपी दरवर्षी धावेवर असायची. धाव म्हणजे विहिरीला लागून असलेली मातीची उंच उतरण. पूर्वी बैल मोट ओढत तिच्यावरून वरखाली करत. मोट बंद होऊन सेहेचाळीस वर्षं झाली, पण धाव तशीच राहिली होती. शिवाय सगळ्या रानात मोबाईलला रेंज मिळायची तीही तिथंच. गुरुसिद्धप्पांनी पेंढ्या रोवल्या, शेंडे आवळून बांधले आणि मागं सरकून बघितलं. यंदाचा कडबा चांगला पुरुषभर उंच होता. कोपी झकास झाली होती, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

नऊच्या सुमाराला बाकीची मंडळी आली. रुद्रम्माच्या डोक्यावर अंबिलीचं मडकं, शिवलीलाच्या डोक्यावर ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि तिळाच्या भाकरींची पाटी. मागून शिवपुत्र गव्हाच्या खिरीचं पातेलं सांभाळत चाललेला, आणि त्याच्या मागं हात हलवत बलभीम. बलभीमाची जमीन धरणात गेली होती. तेव्हापासून त्याची वेळ अमावस्या गुरुसिद्धप्पांच्या रानात, हे ठरलेलं. पस्तीस वर्षं त्यानं एसटी चालवली, आणि रिटायर झाला तरी बोलताना त्याचा उजवा पाय अजून ब्रेक शोधायचा.

"काय गुरुसिद्धा," त्यानं इंजिनाच्या पत्र्याच्या खोपटाकडं बघत विचारलं, "आज इंजिनाला बी सणाची सुट्टी व्हय?"

"इंजिनाला आजच्या दिवस सुट्टी," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "ह्या प्लेटांना ढग आलं की रोज सुट्टी."

शिवलीला पाटी उतरवत होती. तिनं मान वर न करताच म्हटलं, "मार्गशीर्षात ढग कुठून आणू अप्पा तुमच्यासाठी? आभाळ बघा की कसं धुतल्यावानी हाय."

"आज हाय. आषाढात?"

"आषाढात गव्हाला पाणी कोण देतंय?"

बलभीमाला हसू आवरेना. गुरुसिद्धप्पांनी त्याच्याकडं रागानं बघितलं. मित्रानं आपल्या बाजूनं बोलावं एवढी त्यांची साधी अपेक्षा होती. ती बलभीमाला उशिरा कळली.

"न्हाय पण गुरुसिद्धाचं खरं हाय," तो घाईनं म्हणाला. "डिझेलवर माझा सगळा संसार झाला. उमरगा-तुळजापूर दिवसातून दोन खेपा. उन्हावर एसटी चालली असती का? तिकडं माळावर पवनचक्क्या बघा. सात उभ्या हायत, तीन फिरायल्यात. बाकीच्या चार वाऱ्याची वाट बघायल्यात."

"त्या तीनमधल्या एकीवर तुमचा टीव्ही चालत असंल, काका," शिवलीला म्हणाली.

"आगं, दिवस बुडाल्यावर टीव्ही कशावर चालतो ते मला इचार," आता शिवपुत्राला राहवेना. "आमच्याकडं मालगाड्यांमागं मालगाड्या रित्या व्हतात कोळशाच्या. रातचं सूर्य नसतोय. सगळ्यांचं दिवं कोळशावर लागतात. तोंडानं कितीबी म्हणा, कोळसा बंद केला तर देश अंधारात बसंल."

"आन् खोकला कुणाला लागलाय?" शिवलीलानं शांतपणे विचारलं. "तुमचा सदरा म्या धुते. तीन पाण्यांत राख निघती. कोळसा उद्याच बंद करा असं म्या कुटं म्हणलं? पर जिथं दिवसाढवळ्या ऊन फुकट पडायलंय, तिथं तरी धूर कशाला?"

शिवपुत्राला नेमका तेव्हाच खोकला आला आणि सगळेच हसले, तोही हसला. रुद्रम्मा मडक्याभोवती फडकं गुंडाळत होती. ती म्हणाली, "भांडा, भांडा. अंबील अजून आंबायची हाय, तुमालाबी येळ हाय."

गुरुसिद्धप्पा मात्र हसले नाहीत. त्यांना जे बोलायचं होतं ते डिझेलबद्दल नव्हतंच. ते उठले, सौरपंपाच्या राखाडी डब्याजवळ गेले आणि त्यावर बोटानं टकटक केलं.

"हे बघ शिवलीला. इंजिन बंद पडलं तर माझा हात हाय. कुटं काय बिघडलं ते मला कळतंय. ह्या डब्याच्या आत काय हाय ते मला ठावं न्हाय, तुला ठावं न्हाय. उद्या ह्यो रुसला तर कंपनीचं माणूस येईस्तवर गव्हानं जीव मुठीत धरून बसायचं का? ज्या यंत्राला घरातला हात लागत न्हाय, ते यंत्र आपलं न्हाय."

शिवलीला पाटीवरचं फडकं सारखं करायला लागली. बोलणं खरं होतं आणि ते मनापासून आलं होतं, हे तिलाही कळलं. बलभीमानं ती संधी साधली. त्याला वाद आवडायचा, पण निकाल त्याहून जास्त आवडायचा.

"हौद रिता हाय," तो म्हणाला. "इंजिन त्यो सव्वा तासात भरतंय, हे समद्यांस्नी ठावं हाय. प्लेटांना दोन तास देऊ. दहाला चालू करा. बारा वाजता पूजेला बसायच्या आत हौद भरला तर गुरुसिद्धानं त्यो ओटीपी का काय ते देऊन टाकायचं. न्हाय भरला तर माळावर इंजिन जाईल आन् फिरून कुणी इषय काढायचा न्हाय. बोला."

गुरुसिद्धप्पा शिवलीलाकडं बघत राहिले. चार दिवसांत सौरपंपाची मांडीएवढी धार त्यांनी स्वतः बघितली होती. हरणार हे दिसत होतं. पण पाच माणसांत मागं सरायचं त्यांच्या रक्तात नव्हतं. "कबूल," ते म्हणाले.

"कबूल," शिवलीला म्हणाली.

दहाला तिनं बटण दाबलं. पाइपानं जरा घसा साफ केला आणि पाणी आलं, करंगळीएवढं.

सगळे धार वाढायची वाट बघत उभे राहिले. धार वाढली नाही. शिवपुत्रानं वायरी चाचपल्या, डबा उघडून आत बघितलं आणि उघडला तसाच बंद केला. बलभीमानं आभाळात ढग शोधला, तो मिळाला नाही. शिवपुत्रानं धावेवर चढून कंपनीला फोन लावला. तिकडं नुसती रिंग वाजत राहिली. वेळ अमावस्येच्या दिवशी कंपनीचा माणूसही कुणाच्या तरी रानात अंबील पीत असणार. शिवलीला प्लेटांच्या पुढं गेली, पदर खोचून ओल्या फडक्यानं एकेक प्लेट पुसत शेवटच्या टोकापर्यंत गेली. तिथं ती जरा जास्त वेळ उभी राहिली. मग फडकं पिळून परत आली आणि हौदाच्या कडेला बसली.

"काय झालं गं?" शिवपुत्रानं विचारलं.

"काय न्हाय," ती म्हणाली.

गुरुसिद्धप्पांना आनंद झाला होता, खोटं कशाला सांगा. ते हरभऱ्याचे डहाळे उपटून आणत होते, सोलून बलभीमाला देत होते, आणि दर पाच मिनिटांनी हौदात डोकावून बघत होते. एकदा तर त्यांनी इंजिनाच्या खोपटात जाऊन त्याच्या टाकीवर दोन थापाही मारल्या. अकरा वाजता हौदाचा तळ जेमतेम झाकला होता. साडेअकराला वीतभर पाणी. बलभीम तोंडाला येईल ते बोलत होता. सूर्याचा पगार थकलाय काय, सूर्य संपावर गेलाय काय. शिवलीला त्याच्या प्रत्येक बोलण्याला हसत होती, आणि ते हसू बघून गुरुसिद्धप्पांना हळूहळू डहाळा गोड लागेनासा झाला.

बारा वाजले तेव्हा हौद पावही भरला नव्हता. रुद्रम्मानं पूजेचं ताट हातात घेतलं. शिवलीला उठली, पदर सारखा केला.

"हरले म्या, अप्पा," ती म्हणाली. "इंजिन माळावर जाऊ द्या. म्या फिरून बोलणार न्हाय."

ती तक्रार करत नव्हती आणि रडतही नव्हती. ठरलं ते ठरलं, एवढंच तिच्या बोलण्यात होतं. गुरुसिद्धप्पा यावर काहीतरी ऐटीत बोलणार होते, सकाळपासून त्यांनी ते जुळवून ठेवलं होतं. पण आयत्या वेळी त्यांच्या तोंडून नुसतं "बरं" एवढंच निघालं.

कोपीत पूजा झाली. पांडवांना नैवेद्य दाखवला. मग रिवाजाप्रमाणं गुरुसिद्धप्पांनी तांब्यात अंबील घेतली आणि कन्नडातला जुना गजर मोठ्यानं म्हणत, पिकावर अंबील शिंपडत, रानाला फेरी घालायला निघाले. फेरीत नेहमी शिवपुत्र मागं असायचा. आज तो सारखा खोकत होता, म्हणून त्यांनीच त्याला बसवलं आणि एकटे गेले. ज्वारीच्या कडेनं, गव्हाच्या कडेनं, मग बांधावरून वळून ते प्लेटांच्या पुढच्या अंगाला आले.

आणि तिथं थबकले.

शेवटच्या प्लेटेच्या खालच्या कोपऱ्यावर कडब्याच्या शेंड्यांची सावली पडली होती. फार नव्हे, हातभर. ते बघत असतानाच ती कडेकडं सरकत होती. त्यांनी मान वळवून धावेकडं बघितलं. धावेवर कोपी उभी होती, त्यांनी स्वतः बांधलेली, यंदा चांगली पुरुषभर उंच. सकाळी सूर्य तिच्या मागून वर चढत होता, म्हणजे दहा वाजता हीच सावली केवढी असेल आणि किती प्लेटांवर असेल, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप झाला.

ते तांब्या हातात धरून उभे राहिले. सावली आणखी चार बोटं सरकली आणि प्लेटेवरून खाली मातीत उतरली. तेवढ्यात विहिरीकडून पाण्याचा आवाज आला. पाइपानं एक गचका दिला आणि मांडीएवढी धार हौदात धबधबा पडायला लागली.

"आरं, आता?" बलभीम तिकडून म्हणाला. "येळ टळून गेल्यावर जाग आली व्हय ह्याला?"

गुरुसिद्धप्पांनी तांब्या बांधावर ठेवला. खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याची घडी केली, आणि कडेच्या प्लेटेच्या कोपऱ्यावर पसरून कान टवकारला. पाण्याचा आवाज बसला. उपरणं उचललं. आवाज वाढला. पुन्हा ठेवलं, पुन्हा बसला. दहा प्लेटांतल्या एकीचा कोपरा झाकला तरी सगळ्यांचाच जोर कमी होत होता. नोझलमध्ये कचऱ्याचा एक कण अडकला की अख्खं इंजिन धापा टाकतं, तसलंच हे दुखणं होतं. सेहेचाळीस वर्षं ते हेच ओळखत आले होते.

त्यांना दोन गोष्टी एकदम जाणवल्या. एक म्हणजे, या डब्याचं दुखणं आपण शोधलं. कंपनीच्या माणसाशिवाय, पान्हा न लावता, नुसत्या उपरण्यानं शोधलं. छाती फुलावी असंच ते होतं आणि ती फुललीही. दुसरी गोष्ट अशी, की पैज आपण जिंकलो ती आपल्या कोपीच्या जिवावर. आणि हे आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही.

वर बघितलं तर रुद्रम्मा धावेच्या कडेला उभी होती. उपरण्याचा खेळ तिनं बघितला असावा. ती एवढंच म्हणाली, "चला, भाकर निवायली."

सगळे गोल करून बसले. रुद्रम्मानं पत्रावळींवर भज्जी वाढली, उंडे कुस्करून दिले, द्रोणांतून अंबील फिरवली. बलभीम तिसऱ्या द्रोणानंतर तिच्या अंबिलीची तारीफ करत होता, दरवर्षी करतो तीच. माळाकडून वारा येत होता, पाण्याचा धबधबा चालू होता, आणि शिवलीला सगळ्यांना आग्रह करून वाढत होती. असा सण होता. पण गुरुसिद्धप्पांचा घास तोंडातच फिरत होता. बोललो नाही तर इंजिन माळावर जाईल, अजून पाच-दहा वर्षं धडधडेल, आपण त्याला हात लावत राहू. कुणाचं काय बिघडणार होतं? हा प्रश्न त्यांनी स्वतःला तीनदा विचारला. उत्तर तिन्ही वेळा समोरच खीर वाढत होतं.

त्यांनी पत्रावळीवर हात झटकला.

"शिवलीला, हौद तू भरला असतास," ते म्हणाले. "माझी कोपी आडवी आली."

कुणाला काहीच कळलं नाही. मग ते उठले, सगळ्यांना उष्ट्या हातानं प्लेटांपुढं घेऊन गेले आणि उपरणं टाकून दाखवलं. धार बारीक झाली. उचलून दाखवलं. धार मोठी झाली. शिवपुत्राचं तोंड उघडंच राहिलं. कोळशाच्या केंद्रातला तो माणूस, पण हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. बलभीमानं स्वतः दोनदा उपरणं टाकून बघितलं, मगच त्याची खात्री पटली.

"मंजे सकाळधरनं लक्ष्मीच उन्हाच्या आड बसली हुती," तो म्हणाला.

"लक्ष्मीला कशाला बोल लावतुस? जागा म्या दिली," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

शिवलीला उपरण्याची घडी घालत होती. ती हळूच म्हणाली, "मला ठावं हुतं, अप्पा. प्लेटा पुसायला गेले तवाच सावली दिसली."

"आन् बोलली न्हाईस?"

"काय बोलू? सणाच्या दिवशी कोपी हलवा म्हणू? तुमी सकाळपसून एवढ्या हौसेनं बांधलेली." मग ती जराशी हसली. "आन् खरं सांगू का, मला वाटलं, बाराच्या आत तुमालाच कळंल. यंत्राचं दुखणं तुमाला कळत न्हाय असं कधी झालंय?"

गुरुसिद्धप्पांना आता उमगलं. सकाळपासून या पोरीनं पैज आपल्यावरच लावली होती. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी उन्हावर ढकललं.

"बाराच्या आत न्हाय कळलं," ते पुटपुटले. "अर्धा तास उशीर झाला."

"मग पैज म्याच हरले की."

"गप बस," ते म्हणाले. "मोबाईल काढ तुजा."

ते धावेवर चढले, कारण रेंज तिथंच होती. कोपीशेजारी उभे राहून त्यांनी खिशातून आपला जुना मोबाईल काढला आणि हात लांब करून धरला. खाली शिवलीलानं तिच्या मोबाईलवर काहीतरी दाबलं. थोड्या वेळानं टिंग वाजलं. गुरुसिद्धप्पांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बैलाला हाक मारायच्या आवाजात एकेक आकडा म्हणून दाखवला. चार. शून्य. नऊ. नऊ. दोन. सात. पलीकडच्या रानातल्या लोकांनी जेवता जेवता माना वर केल्या. ओटीपी कुणाला सांगू नये म्हणतात, आणि इथं तो अर्ध्या शिवारानं ऐकला.

"झालं," शिवलीला म्हणाली. "गेला अर्ज."

गुरुसिद्धप्पा लगेच खाली उतरले नाहीत. ते कोपीकडं वळले. मग रुद्रम्माला म्हणाले, "तुला ठावं हाय का, कोपी आदी हितं नसायची?"

"मला कसं ठावं? म्या आले तवापसून तर हितंच हाय."

"आदी तिकडं बाभळीखाली बांधायचे. म्या इंजिन आणलं, मोट बंद पडली. त्या साली अमावशेला माझ्या वडलांनी कुणाला न इचारता कोपी धावेवर बांधली. म्या म्हणलं, हितं का? तर म्हणाले, बैल आता हितं येणार न्हाईत, लक्ष्मी तरी बसू दे. जागा रिकामी ठिवू ने." ते पुढं म्हणाले. "लई भांडलो हुतो त्यांच्याशी इंजिनापायी. त्या दिवशी भांडण मिटलं. मोट काढून त्यांनी गोठ्यात टांगली. अजून टांगलेली हाय."

रुद्रम्मा धावेच्या पायथ्याशी आली. तिनं त्यांना उतरायला हात दिला आणि त्यांनी तो धरला, एरवी धरत नाहीत.

"इंजिन कुटं ठिवायचं मग?" शिवपुत्रानं विचारलं. भंगाराचं नाव घ्यायची त्याची हिंमत नव्हती.

"गोठ्यात, मोटंच्या शेजारी," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "चालू ठिवीन म्या त्याला. एकांदं साल ढगाळ निघालं तर ह्या प्लेटांना सोबत."

"ठिवा की," शिवलीला म्हणाली. "म्या कुटं न्हाय म्हणलं?"

तीन वाजता हौद काठोकाठ भरून वाहत होता. बलभीम बाभळीखाली घोरत होता, बाभळीच्या दोन फांद्या गेल्यानं त्याच्या पोटावर ऊन पडलं होतं आणि त्याला त्याची फिकीर नव्हती. शिवलीला वाहणारं पाणी गव्हाच्या पाटात वळवत होती. रुद्रम्मा भांडी आवरता आवरता थांबली, कारण नवरा कुठं दिसेना. मग तो तिला विहिरीच्या पलीकडं, इंजिनाच्या खोपटात दिसला. इंजिनाच्या भोवतीनं तो पावलं टाकत होता. एकदा लांबीनं, एकदा रुंदीनं. मग बाहेर आला, कपाळावर हात धरून सूर्याकडं बघितलं, जमिनीवर स्वतःची सावली कुठवर जाते ते बघितलं, आणि पुन्हा आत गेला.

"काय मोजायलाव?" तिनं विचारलं.

"कोपीची जागा," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "इंजिन निघालं की पाच पेंढ्या बसतात. फुडल्या साली हितं बांधू. हितनं सावली कुणावर पडायची न्हाय."